चपलांची तोंडं

संगप्पा हवालदार रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, तरी लातुरातल्या त्याच्या समाजात त्याला विचारल्याशिवाय सोयरीक जुळत नव्हती. मुलगी बघायचा कार्यक्रम ठरला की मुलीचे वडील आदल्या दिवशी घरी येऊन सांगायचे, "हवालदारसाहेब, उद्या अकराला या. पोहे तिकडंच." संगप्पा जायचा, कोपऱ्यातली खुर्ची धरायचा, दोन बशा पोहे हाणायचा आणि पाहुणे गेले की मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगायचा, हा पोरगा पुढे जाऊन गुन्हेगार होणार की नाही.

हे त्याला कशावरून कळायचं? चपलांवरून.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याने याचं शास्त्रच बसवलं होतं. माणूस तोंडाने खोटं बोलतो, डोळ्यांनी बोलतो, कोर्टात शपथ घेऊन बोलतो, पण चपला काढताना खोटं वागायचं त्याच्या ध्यानातच येत नाही, असं त्याचं म्हणणं. चपलेचं तोंड घराकडे असेल तर माणूस सरळ. तोंड रस्त्याकडे असेल तर माणूस पळायच्या तयारीत, म्हणजे मनात काळंबेरं. एक चप्पल दुसरीवर चढलेली असेल तर घरात बायकोशी पटत नाही. आणि सगळ्यात मोठं कलम असं की दुसऱ्याच्या चपलेला हात लावणारा चोर, पक्का चोर, त्याला जागीच धरायचा. एका ट्रेनिंग सेंटरात नव्या भरतीपुढे त्याने यावर तासभर भाषणही ठोकलं होतं. ठरलेले पाहुणे आले नाहीत म्हणून ऐनवेळी याला उभं केलं होतं, तेवढं मात्र तो सांगत नसे.

रिटायर झाल्यापासून त्याने चाळीस पोरं नापास केली होती. त्यातला एक खरोखरच पतसंस्थेच्या घोटाळ्यात आत गेला. त्या एकावर संगप्पाची कीर्ती उदगीरपासून निलंग्यापर्यंत पसरली. बाकीचे एकोणचाळीस दुसरीकडे लग्न करून सुखाने नांदत होते, एक तर नायब तहसीलदार झाला होता, पण त्यांची मोजदाद कोण करतो? ज्योतिषाचं आणि हवालदाराचं एक बरं असतं, चुकलेलं कुणी लक्षात ठेवत नाही.

लक्षात ठेवलं होतं ते त्याच्या मुलीने. अंबिका एकोणतीस वर्षांची, एका खासगी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. तिची सात स्थळं आली आणि सातही दारातल्या पायरीवरच मेली. दिवसभर लोकांचं रक्त काचेवर घेऊन तपासणारी पोरगी ती. बाप माणसाला न तपासता रिपोर्ट देतो, याचा तिला मनापासून संताप होता.

आठवं स्थळ नांदेडहून आलं. वीरेश नाव, लिफ्ट दुरुस्तीचं काम, स्वतःची चार माणसं हाताखाली. मूळ घर धर्माबादचं. स्थळ मध्यस्थामार्फत आलं, पण मध्यस्थाला गाठलं होतं अंबिकेनेच. वर्षापूर्वी हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत अंबिका आणि रक्ताच्या बाटल्यांचा ट्रे. वीरेश त्या दिवशी लातुरातच कामाला होता. त्याने चाळीस मिनिटं खटपट करून दार उघडलं, आणि ती चाळीस मिनिटं वरून तिच्याशी बोलत राहिला. तेव्हापासून रोज फोन चालू होता. ही गोष्ट तिच्या आईला, कमलम्माला ठाऊक होती, शेजारणीला ठाऊक होती, दूधवाल्यालाही ठाऊक होती. चपलेवरून दरोडेखोर ओळखणाऱ्या संगप्पाला तेवढी माहीत नव्हती.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी अंबिका त्याच्यासमोर उभी राहिली.

"आप्पा, आज तुमी दाराकडं जायचं न्हाई."

"का बरं?"

"गेलात आणि एक शब्द जरी बोललात, तर मी लग्नच करणार न्हाई. ह्याच्याशी न्हाई आन् कुणाशीच न्हाई."

ती रागावून बोलली असती तर संगप्पाने ते कानामागे टाकलं असतं. पण ती शांत होती, आणि रिपोर्ट वाचून दाखवावा तशी बोलत होती. संगप्पा मनातून घाबरला.

कमलम्माने पक्का बंदोबस्त लावला. संगप्पाची खुर्ची आतल्या भिंतीला, त्याच्यापुढे टीपॉय, टीपॉयवर लाडवांचं ताट. उठायचं म्हटलं तर ताट सांडणार. "तुमी फकत हसत बसा," ती म्हणाली. "बत्तीस वर्सं हसला न्हाईत, आज सगळं काढा."

अकराच्या सुमाराला पाहुणे आले. वीरेश, त्याची आई गुणाबाई, तिचा भाऊ दयानंद आणि दोन भावकीतले. गुणाबाईचा नवरा पोरगा तीन वर्षांचा असताना वारला होता, आणि वीरेशला या मामानेच वाढवलं होतं. दयानंद पन्नाशीचा, पोट सुटलेला, मिशा पांढऱ्या, धर्माबादच्या मिरची बाजारात त्याची आडत होती. तो सगळ्यांच्या मागून आत आला. पायरीवर त्याला जरा वेळच लागला. हे संगप्पाने खुर्चीत बसल्या बसल्या टिपलं आणि त्याच्या तळपायाला मुंग्या यायला लागल्या.

बोलणं चाललं होतं. पाऊसपाणी झालं, मिरचीचा भाव झाला. गुणाबाई दर दोन वाक्यांनी भावाकडे बघत होती. "माझं काय न्हाई बाई," ती कमलम्माला म्हणाली, "दयानंद हाव म्हनला की हाव, न्हाई म्हनला की न्हाई. मानूस वळखन्यात त्याचा हात कुनी धरनार न्हाई." म्हणजे त्यांनीही आपला पारखी आणला होता. संगप्पाला ते जरा झोंबलंच.

पोहे आले. अंबिका आली. वीरेशने तिच्याकडे अशा सवयीने बघितलं की दुसरा कुठलाही बाप तिथल्या तिथे समजून गेला असता. पण संगप्पाचं मन पायरीवर होतं. दारूड्याला जसं समोरचं दुकान दिसत राहतं तसं त्याला ते दार दिसत होतं. शेवटी त्याने कान टवकारले.

"टँकर आला वाटतं," तो म्हणाला आणि टीपॉय सरकवून उठलासुद्धा.

लातुरात पाण्याचा टँकर म्हटल्यावर कोण कुणाला अडवणार? कमलम्माच्या डोळ्यांत अंगार होता, पण पाहुण्यांसमोर तिचा इलाज चालला नाही. अंबिका जमिनीकडे बघत राहिली.

संगप्पा दाराबाहेर आला आणि जागीच थिजला. पायरीखाली चपलांची एक सरळ रांग होती. आठ जोड, आणि आठांचीही तोंडं रस्त्याकडे. शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी असतात तसे टाचेला टाच जुळवून लावलेले. नवऱ्या मुलाचे बूट, त्याच्या आईच्या चपला, मामाच्या आणि भावकीतल्यांच्या वहाणा. त्यांच्या पुढे कमलम्माच्या स्लिपर, अंबिकेचे सँडल आणि शेवटी खुद्द संगप्पाची चामडी चप्पल. तिचंही तोंड रस्त्याकडेच.

त्याने आयुष्यभराचा हिशेब मनात लावून बघितला. शास्त्राप्रमाणे आता घरात आठ चोर बसले होते, त्यातली दोन त्याच्या घरची, आणि आठवा तो स्वतः. बरं, आपण चप्पल घराकडे तोंड करून काढली होती याबद्दल त्याला शंका नव्हती. म्हणजे कुणीतरी हात लावला होता. दुसऱ्याच्या चपलेला हात. सगळ्यात मोठं कलम.

"म्हाताऱ्या मानसाला वळायला तरास होतो," मागून आवाज आला. "तोंड भायेर असलं की सरळ पाय घालून जाता येतं."

दारात दयानंद उभा होता. हातात पोह्यांची बशी, तोंडात घास.

"आमचे वडील एका पायानं अधू होते," तो म्हणाला. "लहानपनापासून मी त्यांच्या पायतानांची तोंडं भायेर करून ठेवायचो. मग सवयच लागली. जिथं जाईन तिथं लावतो. मठात तर सेवाच होती माझी."

मठ म्हटल्याबरोबर संगप्पाच्या डोक्यात काहीतरी हललं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तो जिल्ह्यातल्या एका ठाण्यात होता. गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, उगाच आजच्या लोकांना शिव्या बसायच्या. श्रावणातला सोमवार होता, गावाबाहेरच्या मठात महाप्रसाद होता, आणि चपला चोरीला जातात म्हणून संगप्पा साध्या कपड्यांत दाराशी बसला होता. एक काटकुळा पोरगा चपलांच्या ढिगात बसून एकेक जोड उचलत होता. संगप्पाने पाठीमागून जाऊन त्याची मान धरली. शास्त्राची सुरुवात त्याच दिवशी झाली. ही गोष्ट त्याने ट्रेनिंग सेंटरातसुद्धा सांगितली होती.

"तू," तो म्हणाला.

"हाव, मीच," दयानंद म्हणाला. "आज वळखलात. पोट सुटलंय म्हनून येळ लागला असंल."

दयानंदने पोह्यांचा आणखी एक घास घेतला. तो रागात नव्हता, हेच वाईट होतं.

"त्या दिवशी मी सांगून राहिलो होतो, सेवा करतोय म्हनून. तुमी म्हनलात, सगळे हेच म्हनतात. नाव वहीत गेलं. मंग गावात कुनाची सायकल गेली, आना दयानंदला. कुनाची मोटर गेली, आना दयानंदला. अकरा येळा नेलं तुमी मला, हवालदारसाहेब. अकराच्या अकरा येळा मी काय केलेलं न्हवतं. येश्टीत कंडक्टर म्हनून निवड झाली होती माझी. चारित्र्य पडताळनीचा कागद ठान्यात आला. त्येच्यावर काय शेरा मारला, आठवतंय?"

संगप्पाला आठवत नव्हतं. असे शेरे त्याने शेकड्याने मारले होते. आठवत नाही याचीच त्याला आता लाज वाटली, आणि ती लाज कानापर्यंत चढली.

"मंग मी इचार केला," दयानंद म्हणाला, "की मार खातोच हाय, तर एकदा चोरी करूनच बघावी. बाराव्या येळेस खरंच केली. आन् त्या येळेस तुमी आलाच न्हाईत."

"काय चोरलं?" संगप्पाने विचारलं. बत्तीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

"तुमचे बूट. त्याच मठातून, फुडच्या श्रावनात."

संगप्पाने नकळत आपल्या पायांकडे बघितलं. ते बूट! नवे कोरे, सरकारी, चकचकीत. त्या दिवशी तो मठापासून घरापर्यंत दीड मैल अनवाणी चालत गेला होता. चपलाचोर पकडणाऱ्या हवालदाराचेच बूट गेले, हे कुठल्या तोंडाने नोंदवायचं? कमलम्माला त्याने सांगितलं होतं की एका गरीब जंगमाला दान केले. त्या दानाबद्दल तिने त्या वर्षी शेजारपाजारी किती कौतुक केलं होतं.

"पायाला मोठे होत होते," दयानंद म्हणाला. "मंग गाव सोडून धर्माबाद गाठलं, आन् चिंध्या कोंबून दोन वर्सं मिरचीची पोती उचलली त्यात."

आतून कमलम्माचा आवाज आला, "अहो, टँकर आला का?"

"न्हाई," संगप्पा ओरडला, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "आत जाऊन काय सांगनार तुमी?" त्याच्या तोंडून आपसूक तुमी निघालं.

"तुमी माझ्याकडं किती येळ बघून ठरवलं होतं?"

"एक नजर."

"मला एवढ्या लवकर जमत न्हाई," दयानंद म्हणाला आणि आत गेला.

संगप्पा त्याच्या मागोमाग गेला. गुणाबाईने भावाकडे बघितलं. अंबिकेने बापाकडे बघितलं, आणि त्या नजरेत असं स्पष्ट होतं की आठवंही गेलं. आयुष्यात पहिल्यांदा संगप्पाला कळलं की कोपऱ्यात बसून दुसऱ्याच्या तोंडून आपला निकाल ऐकणं म्हणजे काय असतं. त्याने एकोणचाळीस पोरांना हे करायला लावलं होतं.

दयानंदने बशी खाली ठेवली. "पोरगी चांगली हाय. आई चांगली हाय. पोहे जरा कोरडे हायेत, पन चालतंय. बापाचं मला एवढ्यात कळत न्हाई. लग्नापर्यंत बघू."

"म्हणजे हाव म्हनायचं का?" गुणाबाईने विचारलं.

"हाव म्हन. फकत लग्नात मांडवाच्या दाराशी चपलांची सेवा पोरीच्या बापानं करायची. आपल्यात पद्धत हाय."

"कधीपासून?" गुणाबाई गोंधळली.

"आजपासून."

सगळे हसले. मामा गंमत करतोय असं सगळ्यांना वाटलं. संगप्पाने हात जोडले आणि म्हणाला, "मंजूर हाय." अंबिकेने चमकून बापाकडे बघितलं. हा माणूस दाराबाहेर गेला होता, आणि तरीही काही वाईट बोलला नव्हता. तिने मनातल्या मनात आईच्या लाडवांना श्रेय दिलं.

लग्न मार्गशीर्षात होतं, लातुरातल्या एका कार्यालयात, दुपारी बाराचा मुहूर्त. कुठल्याशा नात्याने आमदार येणार होते, म्हणून दाराशी पोलीसही होते. साडेदहापासून माणसं लोटली. संगप्पाने जाकीट आणि फेटा आत खुंटीला टांगला, बाह्या सरसावल्या आणि धोतराचा सोगा खोचून चपलांच्या ढिगात बसला. कमलम्मा दोनदा येऊन बडबडून गेली. तिला तो म्हणाला, "त्यांच्यात पद्धत हाय."

सुरुवातीला जुनी खोड गेली नाही. जोड उचलला की त्याच्या डोक्यात शेरा तयार व्हायचा. हा लबाड, हा बायकोला भितो, ह्याचे धंदे बघायला पाहिजेत. पण दीडशे-दोनशे जोड झाल्यावर शेरे आटले. टाच एका बाजूने झिजलेली दिसली की त्याला वाटायला लागलं, ह्याचा गुडघा दुखत असणार. एका म्हातारीच्या चपलेचा अंगठा तारेने बांधला होता. एका सुटाबुटातल्या माणसाच्या बुटात आतून पुठ्ठा घातलेला होता. कुणाची चप्पल उलटी पडली होती ती त्याने सरळ केली, भांडणं नकोत म्हणून. चपलांवरून चोर काही दिसेना. पाय तेवढे दिसायला लागले. आपण आयुष्यभर काय बघत होतो, असा प्रश्न त्याला पडला, आणि त्याचं उत्तर काही चांगलं येईना.

पावणेबाराला त्याच्या मनगटावर एक हात पडला.

"काय करून राहिले काका?"

वर एक तरुण पोरगी उभी होती. अंगावर खाकी, छातीवर पट्टी, पट्टीवर नाव पुनम. पकड चांगली घट्ट होती.

"चपला लावतोय. सेवा हाय."

"सगळे हेच म्हणतात," पुनम म्हणाली. "दुसऱ्याच्या चपलेला हात लावणारा चोर, पक्का चोर, त्याला जागीच धरायचा. ट्रेनिंगलाच शिकवलंय आम्हाला."

"कुनी शिकवलं?"

"होते एक हवालदार. लई अनुभवी माणूस. नाव लक्षात न्हाई."

ते नाव संगप्पाच्या जिभेवर आलं होतं, पण त्याला ते उच्चारवेना. आत सनई वाजायला लागली. माईकवरून हाक आली, मुलीच्या वडिलांनी लवकर मांडवात यावं, अक्षतांची वेळ झाली.

"सोड बाई, मला जाऊ दे. पोरीचा बाप हाय मी."

पुनमने त्याच्या धुळीने भरलेल्या धोतराकडे आणि घामेजल्या शर्टाकडे बघितलं. "मागच्या लग्नात धरला तो पोरीचा काका होता. पिशवीत सात जोड निघाले." तिने दुसऱ्या हाताने खिशातली छोटी वही काढली. "नाव सांगा."

बत्तीस वर्षांत त्याने कितीजणांना हा प्रश्न विचारला असेल. उत्तर द्यायची पाळी आज पहिल्यांदाच आली. त्याने नाव सांगितलं. पुनमने लिहून घेतलं. माईकवरून दुसऱ्यांदा हाक आली. अंबिका आंतरपाटामागे उभी असेल, आणि बाप आला नाही म्हणून दाराकडे बघत असेल, या विचाराने त्याने मान वळवून आत बघितलं.

तेवढ्यात आतून दयानंद बाहेर आला. मुठीत अक्षता होत्या. त्याने मनगट बघितलं, वही बघितली आणि तो थांबला.

"ह्यांना ओळखता का?" पुनमने विचारलं.

दयानंदने मुठीतल्या अक्षता नीट सावरून घेतल्या. किती वेळ गेला कोण जाणे, संगप्पाला मात्र तो अठ्ठावीस वर्षांइतका वाटला.

"हाव," दयानंद म्हणाला. "जुनी वळख हाय. सोडा बाई, पहिलीच येळ हाय त्यांची."

पुनमने हात सोडला. "नाव लिहून घेतलंय बरं का काका. परत कुठं काही गेलं तर बोलावणार."

दोघं धावत आत गेले. लग्न लावणाऱ्या स्वामींचा शेवटचा मंत्र चालू होता. दयानंदने आपल्या मुठीतल्या अर्ध्या अक्षता संगप्पाच्या हातावर ठेवल्या आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "अकरातली एक झाली हवालदारसाहेब. धा राहिल्या."

आंतरपाट खाली आला. अक्षता उडाल्या. संगप्पा ढसाढसा रडायला लागला. बायका एकमेकींना म्हणाल्या, बघा, एवढा कडक माणूस, पण लेक चालली म्हटल्यावर शेवटी बापाचं काळीज. कमलम्मानेही तसंच समजून त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्याने तिला तसंच समजू दिलं.